ई-मेलमधला छुपा माग: वाचकांचे आणि पाठवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरचे क्लासेस, जालन्याची बियाणं दुकानं, परभणी-हिंगोलीच्या शेतकरी उत्पादक कंपन्या, तालुक्याची वाचनालयं, पतसंस्था यांपैकी बरेच जण आता ई-मेलवरून बातमीपत्र पाठवतात. ते कोणी उघडलं, कधी उघडलं, कुठल्या लिंकवर बोट ठेवलं याची नोंद वाचकाच्या नकळत होत असते. पहिला भाग वाचणाऱ्यांसाठी आहे, दुसरा पाठवणाऱ्यांसाठी. दोन्ही वाचलेत तर उत्तम, कारण आज वाचणारा उद्या एखाद्या संस्थेचा सचिव म्हणून पाठवणाराही होतो.

वाचणाऱ्यांसाठी

मी मेल उघडला हे पाठवणाऱ्याला कळतं तरी कसं? मी तर उत्तरही दिलं नाही.

रंगीत, चित्रांचा मेल हे आतून एक छोटं वेबपान असतं. त्यातली चित्रं पुष्कळदा मेलसोबत येत नाहीत, पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला जोडलेल्या त्याच्या संगणकावर, राहतात. मेलमध्ये असतो तो फक्त त्या चित्राचा पत्ता. तुम्ही मेल उघडला की फोन त्या पत्त्यावर जाऊन चित्र मागतो.

पाठवणारी यंत्रणा प्रत्येक वाचकासाठी हा पत्ता वेगळा बनवते. त्याच्या शेपटीला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, आणि तो फक्त तुमचा असतो. चित्र म्हणाल तर १ बाय १ पिक्सेलचं, म्हणजे पडद्यावरच्या एका ठिपक्याएवढं, पारदर्शक, सुमारे ४३ बाइटचं. म्हणून त्यालाच नुसतं 'पिक्सेल' म्हणतात. डोळ्यांना दिसत नाही. त्याची मागणी सर्व्हरवर पोचली की नोंद होते: अमुक क्रमांकाच्या वाचकाने, अमुक वाजता, अमुक ॲपमधून मेल उघडला. रजिस्टर पोस्टाच्या पोचपावतीवर निदान तुम्ही स्वतः सही करता. इथे पोच तुमच्या नावाने जाते आणि तुम्हाला कोणी विचारतही नाही.

ते एक पिक्सेलचं चित्र रोखलं की झालं का?

नाही. बाहेरून येणारी कुठलीही वस्तू हेच काम करू शकते: संस्थेचा लोगो, मागची रंगीत पट्टी, तळातली फेसबुक-यूट्यूबची चिन्हं, इतकंच काय, मेलसाठी बाहेरून मागवलेला देवनागरी फॉन्टसुद्धा. म्हणून एकेक पिक्सेल शोधत बसू नका. बाहेरचं काहीच आपोआप उतरू द्यायचं नाही, हा खरा उपाय.

नेमकं काय काय कळतं? माझं गाव कळतं का?

उघडल्याची वेळ कळते. पुन्हा उघडलात तर तेही बऱ्याचदा कळतं. ॲप कोणतं, फोन की संगणक, हेही कळतं. तुम्ही मेल पुढे पाठवला आणि मित्राने तो उघडला, तर ती नोंद तुमच्याच नावावर पडते. सोबत आयपी पत्ता, म्हणजे तुमच्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक, जातो आणि त्यावरून ठिकाणाचा अंदाज बांधला जातो. मोबाइल डेटावर हा अंदाज ढोबळ असतो, कारण कंपनीचे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असतात. फोन बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये असला तरी नोंदीत एखादं मोठं शहर दिसू शकतं. घरच्या किंवा ऑफिसच्या फायबर जोडणीवर मात्र तोच पत्ता बराच काळ टिकतो. त्यामुळे हा माणूस दिवसा कार्यालयात असतो आणि रात्री घरी, एवढं नोंदी जुळवून कळू शकतं.

तुमचे बाकीचे मेल, फोटो, संपर्क यांतलं काहीही पिक्सेलमुळे दिसत नाही. तो व्हायरस नाही. पण पीककर्जाच्या थकबाकीचा मेल कोणी चार वेळा उघडला, कर्करोगाच्या तपासणीच्या लिंकवर कोण गेलं, सलग तिसऱ्या वर्षी 'रिपीटर बॅच'ची माहिती कोणी वाचली, एवढं कळणंही कमी नाही. माणूस काय वाचतो यावरून त्याची अडचण कळते, आणि अडचणीतल्या माणसाला माल विकणं सोपं जातं. आमचा विरोध आहे तो याला.

हे फक्त जाहिरातवाले करतात ना?

त्यांच्यापुरतं ते राहिलेलं नाही. २००६ साली अमेरिकेत एचपी या संगणक बनवणाऱ्या कंपनीचं प्रकरण उघडकीला आलं. संचालक मंडळातल्या बातम्या कोण फोडतं ते शोधण्यासाठी कंपनीने नेमलेल्या लोकांनी एका पत्रकाराला माग काढणारा ई-मेल पाठवला होता. तो पुढे कोणाकडे जातो हे त्यांना बघायचं होतं.

२०१८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी व्यापारी मेल मोठ्या संख्येने तपासले. मेल नुसता उघडल्यावर सुमारे ३० टक्के मेलमधून वाचकाचा ई-मेल पत्ता तिसऱ्याच कंपन्यांपर्यंत पोचत होता, बऱ्याचदा गणिती रूपात कुटून, म्हणजे सूत्राने त्याचं अक्षरं-आकड्यांच्या सांकेतिक ओळीत रूपांतर करून. असं कुटलेलं रूप निनावी असतं असं सांगितलं जातं. ते खरं नाही. एकाच पत्त्याचं कुटलेलं रूप सगळीकडे सारखंच येतं, त्यामुळे दोन कंपन्यांनी आपापल्या याद्या जुळवल्या की माणूस सापडतो.

मी जीमेल वापरतो. गूगल चित्रं स्वतःच्या सर्व्हरवरून दाखवतं असं ऐकलं. मग काळजी कशाची?

अर्धं बरोबर आहे. डिसेंबर २०१३ पासून जीमेल बाहेरची चित्रं स्वतः आणून तुम्हाला दाखवतं. त्यामुळे तुमचा आयपी पत्ता आणि फोनची माहिती पाठवणाऱ्याला मिळत नाही. पण चित्र आणलं जातं ते तुम्ही मेल उघडल्यावर, आणि पत्त्याच्या शेपटीचा ओळखक्रमांक तसाच जातो. म्हणजे कुठून उघडला ते झाकलं जातं. कोणी आणि कधी उघडला ते कळतंच.

ते बंद करायचं असेल तर संगणकावर: वरच्या कोपऱ्यातलं दातेरी चाक, मग 'सी ऑल सेटिंग्ज', 'जनरल' टॅब, 'इमेजेस' ही ओळ, आणि तिथे 'आस्क बिफोर डिस्प्लेइंग एक्स्टर्नल इमेजेस'. आता पान अगदी तळापर्यंत खाली न्या आणि 'सेव्ह चेंजेस' दाबा. हे बटण राहून जातं आणि सेटिंग जसंच्या तसं राहतं, ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे.

फोनवर: डावीकडच्या तीन रेघा, 'सेटिंग्ज', तुमचं खातं, 'इमेजेस', तिथे तोच पर्याय. फोनमध्ये दोन-तीन खाती असतील तर प्रत्येकाचं सेटिंग वेगळं असतं. संगणकावर केलं म्हणून फोनवर झालं असं धरून चालू नका, उघडून बघा.

आयफोनवर?

ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत 'मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन' आणलं. त्याची रीत उलटी आहे. तुम्ही मेल उघडा वा न उघडा, ॲपल मधल्या सर्व्हरमार्फत चित्रं आधीच उतरवून घेतं. पाठवणाऱ्याला सगळ्यांनीच मेल उघडलेला दिसतो, त्यामुळे त्याची नोंद निरर्थक होते. 'सेटिंग्ज'मध्ये 'मेल' आणि त्यात 'प्रायव्हसी प्रोटेक्शन' असा रस्ता आहे. आयओएस १८ पासून 'मेल' हे 'ॲप्स'च्या आत गेलंय. तिथे 'प्रोटेक्ट मेल ॲक्टिव्हिटी' चालू करा.

हे फक्त ॲपलच्या स्वतःच्या मेल ॲपपुरतं आहे. आयफोनवर जीमेलचं ॲप वापरत असाल तर त्याला हे संरक्षण लागू नाही. तिथे वरचं जीमेलचं सेटिंगच करावं लागेल.

ऑफिसात आउटलुक किंवा थंडरबर्ड आहे.

थंडरबर्ड बाहेरचा मजकूर मुळातच रोखतो, आणि संगणकावरचं जुनं आउटलुकही. वर एक पट्टी दिसते, चित्रं दाखवू का म्हणून. घाईत 'या पत्त्यावरून नेहमी दाखवा' दाबू नका, ती परवानगी कायमची असते. आधी दिली असेल तर थंडरबर्डमध्ये 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' इथे अपवादांची यादी मिळेल, ती पुसून टाका.

चित्रं बंद केली की मेल ओकेबोके दिसतात. रोज कसं चालवायचं?

पहिले काही दिवस खटकतं. नंतर लक्षात येतं की कामाचा मजकूर अक्षरांतच असतो: तारीख, रक्कम, ओटीपी, परीक्षा केंद्राचं नाव. ज्या मेलमध्ये खरंच चित्र बघायचंय, समजा कपाशीवरच्या किडीचा फोटो, तिथे तेवढ्यापुरतं 'चित्रं दाखवा' दाबा. त्या एका मेलची नोंद जाईल, बाकीच्यांची नाही. रेंज कमी असलेल्या गावात आणखी एक फायदा होतो: मेल पटकन उघडतो आणि डेटा वाचतो.

सगळाच मजकूर एका मोठ्या चित्रात कोंबून पाठवणारेही आहेत. त्यांना उत्तर लिहून साधा मजकूर मागा. दृष्टिहीन वाचकांचं स्क्रीन रीडरही असलं चित्र वाचू शकत नाही.

चित्रं बंद आहेत. आता लिंक दाबली तर चालेल ना?

लिंकचा माग पिक्सेलपेक्षाही पक्का असतो, आणि चित्रं बंद केल्याने तो थांबत नाही. त्याचे दोन प्रकार आहेत.

पहिल्यात लिंक खरी असते पण मागे शेपूट जोडलेलं असतं. प्रश्नचिन्हानंतर यूटीएम (utm) अशा अक्षरांनी सुरू होणारे शब्द दिसतात. हे बहुतेक कुठल्या मोहिमेतून वाचक आला एवढंच सांगतात. पण त्याच शेपटीत तुमचा ओळखक्रमांकही असू शकतो. लिंक कॉपी करा, प्रश्नचिन्हापासून पुढचं पुसा आणि ब्राउझरमध्ये उघडा. बहुतेक पानं उघडतात. जिथे शेपटीतच पानाचा क्रमांक असतो, उदाहरणार्थ निकालाचं किंवा व्हिडिओचं पान, तिथे ते चुकीचं उघडेल. मग फक्त यूटीएमचे तुकडे काढा. संगणकावरच्या फायरफॉक्समध्ये लिंकवर उजवं बटण दाबलं की शेपूट छाटून कॉपी करण्याची सोय आहे. आयओएस १७ पासून ॲपलचं मेल ॲप ओळखीची काही शेपटं आपोआप काढतं.

दुसऱ्या प्रकारात लिंक आधी मेल पाठवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते, तिथे नोंद होते आणि मग तुम्हाला खऱ्या पानावर ढकललं जातं. ही साफ करता येत नाही, कारण खरा पत्ता मेलमध्ये नसतोच. फोनवर लिंक दाबून धरा, पत्ता दिसेल. संस्थेचं नाव नसून भलतंच लांब काही दिसलं, तर लिंक सोडून द्या आणि संस्थेची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा. बँकेच्या नावाने आलेल्या मेलच्या बाबतीत तर नेहमी असंच करा. माग काढणारी लिंक आणि फसवणुकीची लिंक दिसायला सारखीच असते, आणि वाचकाला असल्या लिंका दाबायची सवय लावणं हाही या पद्धतीचा मोठा तोटा आहे. पैसे गेलेच असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

एखाद्या मेलमध्ये पिक्सेल आहे की नाही, हे स्वतः तपासता येतं का?

येतं. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडा, उजवीकडचे तीन ठिपके, 'शो ओरिजिनल'. मेलचा कच्चा मजकूर दिसेल. त्यात चित्राचे टॅग, म्हणजे 'img' ने सुरू होणाऱ्या खुणा, शोधा आणि रुंदी-उंची १ किंवा ० असलेलं, किंवा पत्त्यात 'ओपन', 'ट्रॅक', 'पिक्सेल' असे शब्द असलेलं चित्र बघा.

मराठी मेलमध्ये इथे बरेच जण अडतात. देवनागरी मजकूर पाठवताना पुष्कळ यंत्रणा सगळा मेल बेस-६४ या सांकेतिक रूपात बदलतात. मग कच्च्या मजकुरात अक्षरं-आकड्यांचा नुसता ढीग दिसतो, शोधल्यावर काहीच सापडत नाही, आणि मेल स्वच्छ आहे असा गैरसमज होतो. अशा वेळी मेल जीमेलमध्येच चित्रांसह उघडा आणि ब्राउझरच्या 'इन्स्पेक्ट' खिडकीत चित्रांचे टॅग बघा. जीमेलने चित्राचा पत्ता बदलून गूगलचा केलेला असतो, पण त्याच ओळीत हॅश (#) चिन्हानंतर मूळ पत्ता दिसतो. हे करताना तुमची एक नोंद जातेच. तपासणीची किंमत म्हणून ती सोसावी लागते.

यासाठी ब्राउझरमध्ये एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं ॲप) टाकू का?

पिक्सेल ओळखणारी एक्स्टेन्शन्स आहेत. पण कामासाठी त्यांना तुमचा सगळा इनबॉक्स वाचायची परवानगी लागते. एका पाठवणाऱ्याची नजर चुकवायला सगळ्या मेलची चावी तिसऱ्याकडे द्यावी असं आम्हाला वाटत नाही. जीमेलचं साधं सेटिंग पुरेसं आहे. नेहमीचे जाहिरातरोधक इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण जीमेलमधलं चित्र गूगलच्याच पत्त्यावरून येतं.

माझा ई-मेल सेवा केंद्रातल्या मुलाने काढून दिला. पासवर्डही त्याच्याकडेच आहे.

मराठवाड्यात ही परिस्थिती घरोघरी आहे, म्हणून यावर जरा थांबू या. पीकविमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला अशा कामांसाठी आपले सरकार सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात खातं उघडलं जातं. कधी सगळ्या कुटुंबासाठी एकच पत्ता असतो. कधी दुकानदार स्वतःचाच पत्ता घालतो. अशा खात्यावर येणारा प्रत्येक मेल दुसरा माणूस वाचू शकतो. पिक्सेल त्यापुढे किरकोळ आहे. आधी खातं ताब्यात घ्या.

पासवर्ड विचारून घ्या आणि स्वतःच्या फोनवर लॉगिन करा. गूगल खात्याच्या 'सिक्युरिटी' भागात जा आणि याच क्रमाने पुढे सरका. आधी रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि रिकव्हरीचा ई-मेल स्वतःचा घाला. मग पासवर्ड बदला. त्यानंतर 'युअर डिव्हाइसेस' मध्ये जाऊन अनोळखी संगणकांना 'साइन आउट' करा. शेवटी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा, चालू करा. क्रम उलटा केलात, म्हणजे आधी पासवर्ड बदलला आणि रिकव्हरी नंबर जुनाच राहिला, तर समोरचा त्या नंबरवरून पासवर्ड पुन्हा बदलू शकतो. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये 'फॉरवर्डिंग' टॅबही बघा. मेलची प्रत कुठे आपोआप जात असेल तर तिथे दिसते.

पत्ता दुकानदाराचाच असेल, तर ज्या ज्या पोर्टलवर तो दिलाय तिथे आपला पत्ता नोंदवून घ्या. एकच पत्ता घरात चौघं वापरत असतील, तर मुलाच्या नीटच्या मेलवरून आणि वडिलांच्या ट्रॅक्टर कर्जाच्या मेलवरून मिळून एकच माणूस रेखाटला जातो. शिकणाऱ्या मुलाला तरी वेगळं खातं काढून द्या.

'अनसबस्क्राइब' दाबावं की नाही?

ज्या संस्थेला तुम्ही स्वतः पत्ता दिलाय, तिच्या मेलवर बिनधास्त दाबा. शक्यतो मेलच्या तळातली लिंक न वापरता जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारी दाखवतं ते बटण वापरा. ज्याला कधी पत्ता दिलाच नाही, त्याच्या मेलमधलं काहीही दाबू नका. दाबल्याने पत्ता जिवंत आहे एवढंच त्याला कळतं. 'रिपोर्ट स्पॅम' करा.

प्रत्येक ठिकाणी वेगळा पत्ता देता येतो का?

जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह (+) आणि एखादा शब्द घालता येतो, जसं नावापुढे 'अधिक बियाणे'. मेल तुमच्याच खात्यात येतो आणि पुढे भलत्यानेच त्या पत्त्यावर लिहिलं तर पत्ता कुणाकडून फुटला ते कळतं. पण अधिकनंतरचं छाटलं की मूळ पत्ता उघड होतो, आणि काही फॉर्म हे चिन्ह घेतही नाहीत. याहून भक्कम म्हणजे मुखवट्याचा पत्ता: खरा पत्ता न दाखवता मेल तुमच्याकडे पोचवणारा. फायरफॉक्स रिले असे ५ पत्ते मोफत देतं, आणि डकडकगोची ई-मेल सेवा तर ओळखीचे पिक्सेल काढूनच मेल तुमच्याकडे पाठवते. सरकारी आणि बँकेच्या कामाला मात्र मुखवटा वापरू नका. ती सेवा बंद पडली तर ओटीपी अडकतील.

कायदा काय म्हणतो?

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधनं लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. कायद्यानुसार संमती स्पष्ट आणि ठरावीक कारणापुरती हवी. ती देणं जितकं सोपं, तितकंच मागे घेणंही सोपं हवं. कशासाठी माहिती घेतोय याची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत वाचायचा पर्याय हवा, आणि मराठी त्यात आहे. मराठीतून सूचना मागणं हा तुमचा हक्क ठरणार आहे.

१८ वर्षांखालच्यांचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करणं कायद्याने मना असणार आहे. शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षेपुरती काही सूट नियमांत आहे. अकरावीच्या मुलाला प्रवेशाची जाहिरात धाडायची आणि त्याने ती किती वेळा उघडली ते पाहून फोन करायचा, हे त्या सुटीत कसं बसवणार, याचं उत्तर क्लासचालकांनी आताच शोधून ठेवावं.

पाठवणाऱ्यांसाठी

किती जणांनी वाचलं हे कळलं नाही तर बातमीपत्र चालवायचं कसं?

आज जो आकडा दिसतो त्यावरून तरी ते कळतं का, हे आधी पाहा. ॲपलच्या ॲपमध्ये न उघडलेले मेलही उघडलेले दिसतात. बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या मेल सर्व्हरवरची सुरक्षा यंत्रणा लिंका आधी स्वतःच उघडून तपासते, म्हणून माणसाने न दाबलेल्या लिंका दाबलेल्या दिसतात. उलट, चित्रं बंद ठेवून शब्दन् शब्द वाचणारा वाचक 'निष्क्रिय' गणला जातो.

मराठीत आणखी एक भर पडते. जीमेल सुमारे १०२ केबीच्या पुढचा मेल कापतं आणि बाकीचा 'पूर्ण संदेश पाहा' या लिंकमागे ठेवतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, सगळं यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेतं, इंग्रजीचं १. त्यामुळे तेवढ्याच लांबीचा मराठी अंक लवकर कापला जातो. पिक्सेल बहुधा तळाशी असतो, तो मग उतरतच नाही. त्याच तळाशी असलेली 'सदस्यत्व रद्द करा' ही लिंकही दडते, आणि वैतागलेला वाचक स्पॅमचं बटण दाबतो. अंक लांब असेल तर ती लिंक वर घ्या.

उपयोगी मोजमाप वेगळं आहे. आलेली उत्तरं मोजा. वर्षातून दोनदा तीन प्रश्नांची साधी विचारणा पाठवा. लेख वेबसाइटवर असेल तर त्या पानाच्या एकूण भेटी बघा, कोण आलं ते न बघता. तुरीच्या मर रोगावरच्या लेखानंतर बारा शेतकऱ्यांनी उलट प्रश्न विचारले, तर तो लेख पोचला.

माग काढणं बंद केलं तर मेल स्पॅममध्ये जातील ना?

त्याचा पिक्सेलशी संबंध नाही. मेल पोचला नाही तर समोरचा सर्व्हरच नकार कळवतो, त्याला पिक्सेल लागत नाही. पोचण्यासाठी लागतात त्या गोष्टी वेगळ्या: डोमेनवर (तुमच्या वेब-पत्त्यावर) एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या मेल खरंच तुमचाच आहे हे पटवणाऱ्या तीन नोंदी, आणि एका दाबात सदस्यत्व रद्द करायची सोय. दिवसाला जीमेलच्या ५,००० किंवा जास्त पत्त्यांवर पाठवणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून हे सगळं सक्तीचं केलंय. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागतात. तक्रारींचं प्रमाण गूगलच्या 'पोस्टमास्टर टूल्स'मध्ये एकत्रित दिसतं, वाचकांची नावं न दाखवता.

बंद करायचं कसं?

मेलचिंप या बातमीपत्रं पाठवणाऱ्या सेवेत मेल पाठवण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये 'ट्रॅक ओपन्स' आणि 'ट्रॅक क्लिक्स' या चौकोनांवरची खूण काढा. प्रत्येक मोहिमेच्या, म्हणजे प्रत्येक पाठवणीच्या, वेळी बघा, कारण जुन्या मोहिमेची प्रत काढली की जुनी सेटिंग्जही सोबत येतात.

स्वतःच्या सर्व्हरवर लिस्टमंक हे बातमीपत्राचं सॉफ्टवेअर चालवत असाल तर दोन जागा आहेत. मूळ टेम्पलेटच्या तळाशी 'ट्रॅक व्ह्यू'ची ओळ असते, ती काढा. आणि लिंकच्या शेवटी 'ॲट ट्रॅक लिंक' जोडू नका. 'सेटिंग्ज'मधल्या 'प्रायव्हसी' टॅबवर प्रत्येक वाचकाची वेगळी नोंद ठेवण्याचा पर्याय आहे, तो बंदच असू द्या.

मग चित्रं. लोगो आणि एक-दोन फोटो मेलमध्येच जोडून पाठवता येतात, ते बाहेरून मागवावे लागत नाहीत. फोटो १००-१५० केबीपर्यंत आटोपा. फॉन्ट बाहेरून मागवू नका. अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी, ॲपलवर कोहिनूर देवनागरी आणि विंडोजवर निर्मला यूआय आधीपासून असतात, 'सान्स-सेरिफ' एवढं लिहिलं तरी मराठी नीट दिसतं. आणि प्रत्येक मेलसोबत साध्या मजकुराची प्रतही जाऊ द्या.

शेवटी एकाच मेल सेवेवर दोन चाचणी खाती उघडून तोच अंक दोन्हीकडे पाठवा आणि दोन्हींतले चित्रांचे आणि लिंकांचे मूळ पत्ते शेजारी ठेवून बघा. सदस्यत्व रद्द करायची लिंक सोडून कुठेही फरक दिसला, तर माग अजून चालू आहे.

आम्ही कुठलीच सेवा वापरत नाही, साध्या जीमेलवरून सगळ्यांना पाठवतो.

मग पिक्सेल नाही, पण पत्ते कुठे घालता ते बघा. 'टू' किंवा 'सीसी'मध्ये ३०० सभासद घातले की प्रत्येकाला इतर २९९ जणांचे पत्ते मिळतात. पतसंस्थेच्या थकबाकीदारांच्या बाबतीत असं झालं तर कोण थकलंय ते गावभर होतं, आणि मागे घ्यायचा उपाय नाही. सगळे पत्ते 'बीसीसी'मध्ये घाला, 'टू'मध्ये स्वतःचा. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० पत्त्यांची मर्यादा आहे, ती ओलांडली की पाठवणं काही काळ थांबतं. १००-१५० च्या पुढे यादी गेली की खरी यादी-सेवा घ्या.

नोंदणीच्या फॉर्मवर काय लिहावं?

थोडक्यात आणि खरं. उदाहरणार्थ: 'दर पंधरवड्याला एक मेल पाठवू. तुमचा पत्ता दुसऱ्या कोणाला देणार नाही. तुम्ही मेल उघडला की नाही, कोणती लिंक दाबली, हे आम्ही नोंदवत नाही. नको झाल्यास मेलमधल्या लिंकवर एकदा दाबा, पत्ता पुसला जाईल.' आधीच टिचकी मारलेला चौकोन ठेवू नका. मेळाव्यातल्या हजेरीपटावरून पत्ते उचलू नका. तिथे माणसाने हजेरी दिलेली असते, मेल पाठवायची परवानगी नाही. नोंदणीनंतर खातरजमेचा एक मेल पाठवा आणि त्यातली लिंक दाबल्यावरच नाव यादीत घ्या. यामुळे सेवा केंद्रात चुकीचा टाइप झालेला पत्ताही गळून पडतो.

आधीच्या काही वर्षांच्या नोंदी साठल्यात. त्यांचं काय करायचं?

पुसा. यादीत ठेवायचा तो पत्ता, नाव आणि संमतीची तारीख. लिस्टमंकमध्ये 'मेंटेनन्स' पानावर उघडल्याच्या आणि लिंक दाबल्याच्या जुन्या नोंदी तारखेनुसार पुसता येतात. बाहेरची सेवा असेल तर जुन्या मोहिमांचे अहवाल काढून टाका. एक्सेलमध्ये उतरवून कार्यालयातल्या संगणकावर किंवा कोणाच्या पेन ड्राइव्हवर ठेवलेल्या प्रतीही शोधा, त्या हमखास विसरतात.

एक गोष्ट इथे चुकते. जुने अंक वाचकांच्या इनबॉक्समध्ये अजून आहेत आणि त्यांतले पिक्सेल जिवंत आहेत. कोणी दोन वर्षांपूर्वीचा अंक आज उघडला तरी तुमच्या सर्व्हरवर मागणी येणारच. सर्व्हर तुमचा असेल तर पिक्सेलच्या पत्त्यावर आलेल्या मागणीला रिकामं उत्तर द्या आणि त्या पत्त्याची वेब लॉगमधली, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतली, नोंद बंद करा. जुन्या लिंकांच्या बाबतीत मात्र पुढे ढकलणारी यंत्रणा बंद करू नका, नाहीतर जुन्या अंकातली एकही लिंक उघडणार नाही. ढकलणं चालू ठेवा, फक्त कोणी दाबली ते लिहून ठेवणं थांबवा.